जपून ठेवलेली वॉरंटी

गाडीची वॉरंटी संपली गुरुवारी आणि गिअरबॉक्स गेला मंगळवारी. मधले पाच दिवस गाडी जागची हलली नव्हती. म्हणजे हे पाच दिवस गिअरबॉक्सने नुसते दबा धरून काढले, असं जपूनरावांचं मत होतं, आणि पुढे कितीही जाणकारांनी समजावलं तरी ते त्या मतावर ठाम राहिले.

जपूनराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं. जपूनराव तिथे स्टेशनरीचं भांडार सांभाळत. नवा स्टेपलर हवा असेल तर आधी जुन्याचं प्रेत जमा करावं लागे. पेनाची रिफिल मागायला आलेल्याला रिकामी रिफिल उजेडात धरून दाखवावी लागे. महिन्यात दुसऱ्यांदा कुणी खिडकीशी आलं, की जपूनराव चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि "मागच्याच आठवड्यात नेलंत ना?" एवढंच म्हणत. तेवढ्यावर माणूस चोरी पकडल्यासारखा परत जाई. भांडारातल्या कपाटात पेनं वाट बघून बघून वाळली होती आणि डिंकाच्या बाटल्यांचा दगड झाला होता. पण बावीस वर्षांत एकही वस्तू वाया गेली नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. वापरलीच गेली नव्हती, तर वाया कुठून जाणार?

गाडीचंही तेच. तीन वर्षं झाली तरी सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे आत बसलेला माणूस वळणावर दाराकडे घसरत जाई. वॉरंटीचं कार्ड तर त्यांनी गाडी घरी आली त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून आणलं. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी त्यावर शिक्का मारायचा होता, तो काही केल्या उठेना. माणसाने तीनदा मारला, तीनदा पुसला गेला. शेवटी त्याने एका चिठोऱ्यावर शिक्का मारून दिला आणि "पुढच्या वेळी कार्ड मोकळं करून आणा" म्हणाला. जपूनरावांनी तो चिठोराही लॅमिनेट करून ठेवला.

आता मंगळवारचं. त्या दिवशी जपूनरावांनी रजा टाकली होती. ही गोष्ट सहा वर्षांत पहिल्यांदाच घडत होती, कारण रजासुद्धा ते साठवत. रजा टाकली ती अण्णांना आत्याकडे न्यायला. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, वय एक्याऐंशी, आणि आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ती राहते चार तासांच्या अंतरावर. अण्णांचा उजवा गुडघा वाकत नाही. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, रेल्वेचा पूल तर दूरच राहिला. मुळात गाडी घेतली ती या एका कामासाठी, असं जपूनरावांनी तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं. मग पहिलं वर्ष गाडीचं इंजिन "बसू दे" यात गेलं. दुसऱ्या वर्षी हमरस्त्याचं काम चालू होतं आणि खडी उडून काचेला लागते, असं कुणीतरी सांगितलं. तिसऱ्या वर्षी हवा फार गरम होती, आणि नंतर ती फार ओली झाली.

गाडी बसत होती तोवर तिकडे आत्या एकेक माणूस विसरत चालल्या होत्या. आधी शेजारी गेले, मग नातवंडं. एका रविवारी आत्यांच्या सुनेचा फोन आला.

"परवा मला विचारलं त्यांनी, तुम्ही या घरी कामाला कधी लागलात?" ती हसून सांगायला गेली आणि मधेच थांबली. "अण्णामामांची तेवढी अजून ओळख आहे. रोज विचारतात, धाकट्या कधी येणार म्हणून. पण लवकर या हो. डॉक्टर म्हणतात, कधी काय जाईल सांगता येत नाही."

त्या दिवशी अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. मग म्हणाले, "तिनं मला विसरायच्या आत एकदा ने मला तिच्याकडे. मेल्यावर नेलंस तरी चालेल, पण विसरल्यावर नको नेऊस."

एवढं झाल्यावर रजा टाकणं भाग होतं.

तर मंगळवारी सकाळी आठ वाजता अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आक्कासाठी; आत्यांना ते आक्का म्हणत. जपूनरावांची बायको मागे. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यावरचा छोटासा चढ लागला, जपूनरावांनी पहिला गिअर टाकला आणि पोटातून पत्रे ओढत न्यावेत तसा आवाज आला. मग तोही बंद झाला. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी ऐकत नव्हती. दुसरा टाकून पाहिला, तिसरा टाकून पाहिला. कांडी हातात नुसती डोलत होती. मग गाडी सावकाश मागे सरकायला लागली आणि आपल्याच इमारतीच्या फाटकाशी येऊन टेकली. एकूण प्रवास झाला नव्वद पावलांचा.

अशा वेळी शेजारी कुठून उगवतात, हा संशोधनाचा विषय आहे. एरवी पाणी आलं का विचारायलाही दार न उघडणारी माणसं घरच्या कपड्यांत खाली आली. सगळ्यांत पुढे होते वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. या गृहस्थांची उभी हयात पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ त्यांना गळतीत सापडे. त्यांच्या सुनेला ताप आला तरी ते आधी नळ तपासत.

"गळती," ते गाडीखाली न बघताच म्हणाले. "मी तुम्हाला दोन महिन्यांपूर्वीच बोललो होतो."

"गिअरबॉक्सला कसली आलीय गळती?" जपूनराव म्हणाले.

समोरच्या वकीलबाई दात घासता घासता आल्या होत्या. त्यांनी ब्रश बाजूला केला. "लेखी काही आहे का?"

"कशाचं लेखी?"

"कशाचंही. लेखी असलं की बरं असतं." आणि त्या तोंड धुवायला निघून गेल्या.

अण्णा गाडीतून उतरायला तयार नव्हते. "आता निघालोच आहे तर बसतो," म्हणाले. गाडी ओढून न्यायला ट्रक येईपर्यंत दीड तास ते डबा मांडीवर घेऊन समोर रस्त्याकडे बघत बसले. येणारे-जाणारे त्यांना "काय अण्णा, कुठे दौरा?" असं विचारत आणि अण्णा "बहिणीकडे" म्हणून सांगत. ट्रकवाल्याने, उचललेल्या गाडीत माणूस बसवता येत नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे ते उतरले आणि वॉचमनच्या खुर्चीत बसले. गाडीची मागची चाकं फरफटत कोपऱ्याआड गेली, तेव्हा अण्णांनी तिला हात केला. का केला, ते त्यांनाच ठाऊक.

जपूनरावांना मात्र त्या क्षणी गाडीचं दुःख नव्हतं. त्यांना भीती होती ती बायको काय बोलेल याची.

कारण तो आवाज तिने तीन महिन्यांपूर्वीच ऐकला होता. अण्णांना दवाखान्यात नेताना ती म्हणाली होती, "अहो, गाडी कण्हतेय." जपूनरावांनीही ऐकला होता. वॉरंटी शिल्लक होती, सर्व्हिस सेंटर घरापासून वीस मिनिटांवर होतं. सरळमार्गी माणूस दुसऱ्या दिवशी गाडी नेऊन टाकेल. पण जपूनरावांनी या प्रश्नाचा चहूबाजूंनी विचार केला.

"एवढ्याशा आवाजासाठी वॉरंटी वापरून टाकायची आणि उद्या मोठं काही निघालं म्हणजे?" ते म्हणाले. "पुन्हा गेलो की म्हणतील, मागच्याच महिन्यात आला होतात ना?"

"असं कोण म्हणतं?"

जगात सगळ्याच खिडक्यांमागे आपल्यासारखीच माणसं बसलेली असतात, ही जपूनरावांची समजूत होती, आणि तिला बावीस वर्षांचा भक्कम आधार होता.

"वॉरंटीचं काय लोणचं घालणार आहात?" बायको म्हणाली आणि तिने विषय सोडून दिला. तिचे असे सोडून दिलेले विषय लग्नापासून मोजले तर एक खोली भरेल.

गळतीचंही खरंच होतं. पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग पडायला लागला होता. इंजिनिअरांनी तो बोटाने चोळून, नाकाशी नेऊन, "गळती आहे, दाखवून घ्या" असं सांगितलं होतं. जपूनरावांनी तातडीने उपाय केला. त्यांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला. पुठ्ठा भिजला तेव्हा जाड पुठ्ठा अंथरला, आणि मग भाजीचा जुना ट्रे. फरशी लख्ख राहिली. दर रविवारी ते ट्रे पुसत आणि फरशीकडे समाधानाने बघत. इंजिनिअरांचं आयुष्यात एकदाच बरोबर निघालं आणि ते नेमकं आपल्या गाडीच्या बाबतीत निघावं, हे जपूनरावांना गिअरबॉक्सपेक्षाही लागलं.

सर्व्हिस सेंटर काचेचं होतं. आत इतका गारठा की तक्रार घेऊन आलेला माणूस आधी थंड व्हावा. टोकन घेतल्यावर एक तरुण सल्लागार हातात पाटीएवढा मोबाइल घेऊन आला. तो वाक्याच्या दोन्ही टोकांना सर लावी.

"सर, वॉरंटी गुरुवारी संपलीय सर."

"पण फक्त पाच दिवस झालेत."

"सर, पाच दिवस काय, पाच मिनिटं झाली तरी सिस्टिम घेत नाही सर. तारीख म्हणजे तारीख."

हे वाक्य जपूनरावांना ओळखीचं वाटलं. मागच्याच महिन्यात एका टायपिस्ट बाईंची मागणी त्यांनी परत पाठवली होती, कारण मागणी पंचवीस तारखेच्या आत यायची असते आणि ती सव्वीसला आली होती. त्या बाई म्हणाल्या होत्या, पंचवीसला माझ्या मुलाचं ऑपरेशन होतं. जपूनरावांनी त्यांना अगदी याच आवाजात, याच शब्दांत उत्तर दिलं होतं. फक्त सर नव्हतं.

त्यांनी कार्ड पुढे केलं. सल्लागाराने ते उलटंसुलटं केलं, नखाने खरवडून पाहिलं आणि आतल्या दुसऱ्या सल्लागाराला नेऊन दाखवलं. काचेपलीकडे चार माणसं कार्डाभोवती जमली. एकाने त्याचा फोटो काढला.

गाडीखालून मिस्त्री बाहेर आला. पन्नाशीचा, थकलेला, हात कोपरापर्यंत काळे. हा माणूस सर म्हणत नव्हता.

"किती चालवलीत हो ही?"

"तीन वर्षांत एकतीसशे किलोमीटर," जपूनराव अभिमानाने म्हणाले. "कधी रफ वापरली नाही."

"तेच झालं." मिस्त्रीने चिंध्यांना हात पुसले. "गाडी उभी राहून मेली. नुसती उभी राहिली की आतलं रबर सुकतं, चिरा पडतात. तेल थेंब थेंब गेलं, मग बेअरिंग कोरडं फिरलं. आवाज येत असणार बरेच दिवस."

जपूनराव भिंतीवरच्या हसऱ्या कुटुंबाच्या चित्राकडे बघत राहिले.

"चालवली असती तर टिकली असती," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला. तो टोचून बोलला नव्हता. त्यामुळेच ते तीन दिवस जपूनरावांच्या डोक्यातून जाईना.

नवीन गिअरबॉक्सचा आकडा ऐकून जपूनराव खुर्चीत बसले. तेव्हा सल्लागाराला दया आली असावी. त्याने सांगितलं, की कंपनीकडे सहानुभूतीचा अर्ज करता येतो. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि दोष ग्राहकाचा नसेल, तर कंपनी कधी कधी अर्धा भार उचलते. अर्ज म्हटल्यावर जपूनरावांच्या अंगात बळ आलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज फेटाळले होते. अर्ज कशाने फेटाळला जातो, हे त्यांच्याहून कोणाला ठाऊक असणार?

अर्ज तीन प्रतींत होता. सहा रकाने त्यांनी मोत्यासारख्या अक्षरांत भरले. सातव्यात विचारलं होतं: दोष प्रथम केव्हा लक्षात आला? जपूनराव तिथे अडले. घरात सल्लामसलत झाली. बायको म्हणाली, "खरं लिहा. तीन महिन्यांपूर्वी म्हणजे वॉरंटीतच आला ना दोष?" इंजिनिअर म्हणाले, "गळतीचा उल्लेख टाळा." वकीलबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "जे लिहाल ते लेखी लिहा." एका मोठ्या माणसाने छापील कागदावर 'मला आवाज येत होता, पण मी वॉरंटी जपून ठेवली होती' असं लिहायचं, म्हणजे काय उरलं? जपूनरावांनी लिहिलं, 'अचानक'.

"आठ दिवसांत उत्तर येतं म्हणालेत," ते म्हणाले.

"तोवर मी भाड्याची गाडी करून नेते अण्णांना," बायको म्हणाली. "संध्याकाळी परत येऊ."

"घरात गाडी असताना भाड्याची?"

"घरात कुठंय? ती तिकडे पोट फाडून पडलीय."

तिने अण्णांकडे पाहिलं. तिला वाटलं, निदान ते तरी हो म्हणतील. अण्णांनी डब्यावरून हात फिरवला. "आक्काला मी सांगितलंय, मुलाच्या गाडीतून येतो म्हणून. लहानपणी शाळेच्या वाटेवरचा ओढा तिनं मला पाठीवरून पार करून दिला रोज. म्हणायची, मोठा झालास की तू मला गाडीतून फिरव. आठ दिवसांनी काय फरक पडतो?"

"खाण तशी माती," बायको म्हणाली आणि आत निघून गेली. अण्णांच्या कपाटात त्यांच्या साठीला घेतलेला कोट अजून पिशवीत होता, हे तिला माहीत होतं.

आठ दिवसांचे पंधरा झाले. रविवारी अण्णांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"धाकट्या, निघालास का?" आत्यांनी विचारलं.

"निघालो होतो गं आक्का. गाडी कोपऱ्यावरच बसली."

"बसू दे. दमली असेल."

अण्णा त्या दिवशी दिवसभर हसत होते. पुढच्या रविवारी आत्यांनी तोच प्रश्न सहा वेळा विचारला आणि अण्णांनी सहा वेळा तेच उत्तर दिलं, दर वेळी नव्याने. त्याच्या पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, "आपण कुठून बोलता?" आणि मग एकदम, "अगंबाई, धाकट्या का?" जपूनराव बाजूला बसून अर्जाची स्थळप्रत वाचत होते. त्यांनी ती खाली ठेवली. त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन केला. रविवार असल्याने तिकडून फक्त गाणं ऐकू आलं.

ते रोज फोन करत. अर्ज आज या टेबलावर, उद्या त्या टेबलावर, परवा साहेब दौऱ्यावर. या तिन्ही सबबी जपूनराव स्वतः वापरत आले होते, त्यामुळे त्यांना रागही धड येईना. पाचव्या आठवड्यात कंपनीतून चौकशीचा फोन आला. तो घरी आला, आणि तेव्हा घरी अण्णा एकटे होते.

संध्याकाळी जपूनराव घरी आले तर अण्णा खुशीत.

"तुझ्या कंपनीच्या माणसाचा फोन होता. फार अदबीनं बोलला. म्हणाला, आवाज कधीपासून येत होता? मी सांगितलं, चार महिने तरी झाले असतील."

जपूनरावांनी बूट काढता काढता विचारलं, "आणखी काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, आमचा मुलगा तुमच्यावर उगाच भार टाकणाऱ्यातला नाही. आवाज आला तरी लगेच धावत आला नाही. म्हणाला, वॉरंटी जपून ठेवू. असा ग्राहक तुम्हाला मिळायचा नाही." अण्णांनी विचारलं, "बरोबर बोललो ना?"

जपूनरावांनी एक बूट हातात धरून "बरोबर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बापाने मुलाचं इतकं कौतुक याआधी कधी केलं नव्हतं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ग्राहकाने दोष माहीत असूनही कळवला नाही व अर्जात चुकीची माहिती दिली, सबब अर्ज नामंजूर. 'सबब' हा शब्द जपूनरावांचा फार लाडका होता. त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. ते लॅमिनेट करावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्या रविवारी फोन आत्यांच्या सुनेनेच घेतला. "अण्णामामा, आई फोनवर यायला नको म्हणताहेत. फोनमधला माणूस कोण, असं विचारतात आणि घाबरतात." अण्णांनी "बरं, बरं" म्हटलं. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानाशी धरून ठेवला होता. जपूनरावांनी ते पाहिलं, आणि उठून कपाटातून ठेवीची पावती काढली.

सोमवारी ते बँकेत गेले आणि अडीअडचणीसाठी म्हणून ठेवलेली ठेव मोडली. "चार महिने थांबला असतात तर पूर्ण व्याज मिळालं असतं," खिडकीमागचा माणूस म्हणाला. जपूनराव म्हणाले, "थांबलोच होतो." त्या माणसाला काही कळलं नाही. शुक्रवारी गाडीत नवा गिअरबॉक्स बसला. त्याचीही वर्षाची वॉरंटी होती. सल्लागाराने नवं कार्ड दोन्ही हातांनी दिलं आणि हळूच म्हणाला, "सर, हे प्लीज लॅमिनेट करू नका सर."

शनिवारी सकाळी आठला अण्णा तोच शर्ट घालून, तोच डबा घेऊन पुढच्या सीटवर बसले. बिस्किटं बायकोने नवी भरली होती. या वेळी अण्णांच्या अंगावर कोटही होता, साठीचा, पिशवीतून काढलेला. तो आता खांद्यांवर मोठा होत होता. कोपऱ्यावरचा चढ आला, तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या इंजिनिअरांनी श्वास रोखला. गाडी चढली. वाटेत दर पाच मिनिटांनी जपूनराव खिडकीची काच खाली करून कान बाहेर काढत. "काही वाजत नाहीये," अण्णा म्हणाले. "चालव तू." चार तासांनी गाडी आत्यांच्या फाटकाशी उभी राहिली.

आत्या पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. अण्णा गुडघा ओढत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आत्यांनी वर पाहिलं, आणि पाहुण्याकडे बघून हसतात तसं हसल्या.

"या. बसा ना."

अण्णा समोर बसले. जपूनरावांच्या बायकोने डबा उघडून पुढे केला. आत्यांनी एक बिस्किट घेतलं आणि अण्णांना म्हणाल्या, "तुम्हीही घ्या. तुमचं काम काय होतं?"

"सहज आलो होतो," अण्णा म्हणाले.

"बरं केलंत. मला जरा बोलायला माणूस. माझा धाकटा भाऊ यायचाय. त्याच्या मुलाने गाडी घेतलीय, नवी." आत्या थोड्या पुढे झुकल्या. "पण मुलगा फार जपून आहे हो. म्हणतो, अजून थोडं थांबू. तुमची ओळख असली तर सांगा ना त्याला, लवकर आण म्हणावं. मी फार विसरायला लागलेय. तो यायचा आणि मी ओळखायची नाही, असं नको व्हायला."

"सांगतो," अण्णा म्हणाले. "मी सांगतो त्याला."

जपूनराव दारात उभे होते. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. सून आत चहाला निघून गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मग अण्णाच उठले. "चला, तुम्हाला गाडी दाखवतो," ते आत्यांना म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. आयुष्यात त्यांनी बहिणीला पहिल्यांदाच अहोजाहो केलं. ती दोघं एकमेकांच्या आधाराने फाटकापर्यंत गेली. मागच्या सीटवर बसताना आत्या प्लॅस्टिकवरून घसरल्या आणि दचकल्या. जपूनरावांनी त्यांना हाताला धरून पुन्हा बाहेर घेतलं, मग वाकून ते प्लॅस्टिक ओढलं. ते सहज निघेना. त्यांनी गुडघा टेकून, दोन्ही हातांनी, शिवणीपासून फाडून काढलं आणि तसंच रस्त्यावर टाकलं. खालची सीट नवीकोरी होती.

आत्या बसल्या, शेजारी अण्णा बसले. जपूनराव स्टिअरिंगशी बसले, तसं आत्यांनी मागून त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं. "ड्रायव्हर, मला माझ्या भावाकडे सोडाल का? त्याला यायला जमत नसेल, तर मीच जाते."

जपूनरावांनी आरशात अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "घ्या गाडी," म्हणाले. "लांबचा रस्ता घ्या."

जपूनरावांनी पहिला गिअर टाकला. तो बिनआवाज पडला. त्यांनी त्या गावातला एकेक रस्ता धरला, तो संपला की दुसरा, मग पुन्हा पहिला. खड्डा आला तरी त्यांनी गाडी सावकाश केली नाही. मागून मधेच आत्या विचारत, "आलं का?" आणि अण्णा म्हणत, "आलंच आता." अंधार पडेपर्यंत ते फिरत होते, आणि एकदाही कुठे काही वाजलं नाही.